घानाला बारा दिवस, दोन माणसं, साडेतीन लाख: हिशेब बसतो का?

कुडाळची_लेक

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

कुडाळजवळ आमचा काजूचा लहानसा कारखाना आहे. आपल्याकडची बी जेमतेम पावसाळ्यापर्यंत पुरते. पुढचे महिने आफ्रिकेतून आलेली बी व्यापाऱ्याकडून घेऊन चालवावे लागतात. गेल्या वर्षी एक लॉट असा आला की फोडल्यावर निम्मी बी डागी आणि पोकळ निघाली. व्यापाऱ्यानं हात वर केले. बायकांची मजुरी तर द्यावीच लागली. तेव्हापासून बाबांनी मनात घेतलंय, "माका तिकडची बी डोळ्यान बघूची आसा." खरेदीसाठी नाही, नुसतं बघायला. बी कुठे पिकते, कशी वाळवतात, कुठे ओली राहते, कोण कोणाला विकतं, एवढंच.

तर शिमगा आटपला की ११ मार्च २०२६ला मुंबईहून निघून २३ला परत, असं ठरतंय. राजधानी आक्रा, कुमासी, काजूच्या बाजाराचं टेचिमान आणि जमल्यास समुद्राकाठी केप कोस्ट. बाबा ६२ वर्षांचे, रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी ठणठणीत. इंग्रजी मी बोलेन.

माझा कच्चा हिशेब असा आहे. दोन तिकिटं अदिस अबाबामार्गे दीड लाख. कुडाळ-मुंबई गाडी आणि मुंबईतला मुक्काम १०,०००. व्हिसा, लस, विमा, औषधं मिळून ४०,०००. उरले दीड लाख, ते तिथल्या अकरा रात्रींसाठी. यापलीकडे घरातून पैसे काढायचे नाहीत, कारण मार्चअखेर इकडची बी घ्यायला रोकड हातात लागते.

गुगलवर बघितलं तर एक जण दिवसाला १,५०० रुपये म्हणतो, दुसरा १५,०००. कोणाचं खरं धरायचं तेच कळत नाही. प्रत्यक्ष राहून आलेलं कोणी आहे का इथे?

भटकंती_नाशिक

मी २०१९ साली एकटाच सोळा दिवस फिरलो होतो. दिवसाला साधारण २०० सेडी (तिथलं चलन) लागायचे, राहणं, खाणं, प्रवास सगळं धरून. म्हणजे सोळा दिवसांचे चाळीस-बेचाळीस हजार रुपये. त्या मानानं तुमचे दीड लाख भरपूर आहेत.

शहरात ट्रोट्रोनं फिरा. आपल्या वडापसारख्या जुन्या व्हॅन असतात. दारात लटकणारा पोरगा ठिकाणाचं नाव ओरडत असतो, त्याला 'मेट' म्हणतात. रस्त्याकडेला उभं राहून बोट खाली करून गोल फिरवलं की त्याला कळतं, तुम्हाला सर्कलला, म्हणजे आक्रातल्या मोठ्या चौकाला, जायचंय. पैसे त्याच्याकडेच द्यायचे, सुटे ठेवायचे. माणसं फार चांगली आहेत. माझी उतरायची जागा चुकली तेव्हा एक बाई माझ्यासोबत उतरून मला दुसऱ्या गाडीत बसवून गेली.

टेमा_ते_सांगली

अगं लेकी, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझ्या मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही २०१८ ते २०२५ टेमात राहिलो. टेमा म्हणजे आक्राच्या शेजारचं बंदर, तिथे कारखान्यांमधून आपली बरीच माणसं आहेत. आता सांगलीत असतो.

नाशिकच्या भाऊंचे आकडे खोटे नाहीत, पण ते २०१९चे आहेत. तेव्हा एक सेडी म्हणजे तेरा-चौदा रुपये होते. आज साधारण आठ. यावरून घाना स्वस्त झालं असं वाटेल, पण तसं झालेलं नाही. २०२२मध्ये सेडी घसरत गेला, वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला सहा होते ते नोव्हेंबरात चौदाच्या आसपास गेले. त्याच डिसेंबरात महागाई ५४ टक्क्यांवर होती आणि सरकारनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. आम्ही तो काळ घर चालवून काढलाय. सकाळी एक भाव, आठवड्यानं दुसरा. २०१९ला अंडं घालून दहा सेडीत पोटभर मिळणारं ताट आता तीसला आहे. म्हणून जुन्या लेखांतले आकडे रुपयांत बदलून घेऊ नकोस. तिथला खर्च सेडीत मांड आणि रुपयाचा गुणाकार सगळ्यात शेवटी, निघायच्या आठवड्यात कर.

दुसरं, सेडी फक्त खालीच जातो असंही नाही. माझे दीर मागच्या वर्षी एप्रिलात आले. त्यांना कोणीतरी सांगितलेलं की डॉलर धरून ठेवा, रोज जास्त सेडी मिळतील. ते आले तेव्हा डॉलरला साडेपंधरा होते. मे महिन्यात सेडी असा वधारला की जाताना दहा-साडेदहाच मिळत होते. हॉटेलवाल्यानं आणि गाडीवाल्यानं काही त्या प्रमाणात भाव उतरवले नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांना आमच्याकडून उसने घ्यावे लागले. म्हणून सगळे एकदम बदलायचे नाहीत आणि सगळे धरूनही ठेवायचे नाहीत. तीन-चार दिवसांना पुरतील एवढेच बदल, मग पुढचे.

नोटा शंभर डॉलरच्या, नव्या छपाईच्या, कोऱ्या ने. घडी पडलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट घेत नाहीत, नाहीतर भाव पाडून घेतात. लहान नोटांनाही भाव कमी. इथून माणशी तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येते, तुम्हाला तेवढे लागणारच नाहीत. बदलताना परवाना असलेल्या फॉरेक्स ब्युरोत जा, रस्त्यावर नको. एटीएमला व्हिसा कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, त्यामुळे एक कार्ड राखीव असू दे. बाकी बाजारात सगळा व्यवहार मोबाइल मनीवर, त्याला तिकडे मोमो म्हणतात. पासपोर्ट दाखवून सिम घेशील तेव्हा तुझंही खातं उघडून देतात का ते विचार. पण टेचिमानसारख्या ठिकाणी रोख जवळ पाहिजेच.

आता मी तुमचा खर्च सेडीत मांडते, दोघांचा मिळून.

आक्रात तीन रात्री, एसी खोली, ७०० धर. कुमासीत दोन, ५००. टेचिमानात चार, ३५०. केप कोस्टला दोन, ५००. झाले ५,५००. टेचिमानात चार दिवस गाडी आणि ड्रायव्हर, इंधनासकट रोज १,२०० म्हणजे ४,८००. जेवणाला माणशी रोज १५०, बारा दिवसांचे ३,६००. बस आणि शहरातल्या टॅक्स्या मिळून १,८००. फोन ३००. किल्ले, जंगल, वाटाडे ८००. परदेशी माणसाला प्रवेशाचा दर सगळीकडे जास्त असतो. आणि 'डॅश'चे ५००. डॅश म्हणजे वरखुशी, सामान उचलणाऱ्यापासून गोदाम दाखवणाऱ्यापर्यंत. एकूण १७,३०० सेडी. आठनं गुणलेस तर १,३८,४००.

म्हणजे बसतं, पण अगदी काठोकाठ. आणि काठोकाठ हिशेब घेऊन बासष्ट वर्षांच्या माणसाला घेऊन जाऊ नकोस.

आता जिथे पैसे वाचवायचे नाहीत ते सांगते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

पिवळ्या तापाची लस. दाखल्याशिवाय घानात शिरता येत नाही, आणि परत येताना आपल्या विमानतळावरही तो बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, पुढे आयुष्यभर चालतो. सरकारमान्य केंद्रातच मिळते. तुम्हाला मुरगावचं बंदर आरोग्य केंद्र जवळ पडेल. एका बाटलीतून अनेकांना देतात म्हणून ठरावीक दिवशीच असते, आधी फोन करून वेळ घे. खर्च काही फार नाही, आम्ही तीनशे रुपये भरलेले आठवतात. महत्त्वाचं हे की साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांना त्रासाचा धोका जास्त असतो. बाबांना आधी तुमच्या डॉक्टरांकडे ने, मगच मुरगावला. डॉक्टर नको म्हणाले तर तिकीटच काढू नकोस. म्हणून लस आधी, तिकीट नंतर.

मलेरियाच्या गोळ्या. माझे दीर रोज एक डॉक्सीसायक्लिन घेत होते, तिथे असेपर्यंत एकही चुकली नाही. पुण्याला परतल्यावर म्हणाले, आता कशाला, आपण तर घरी आलो. ती गोळी परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप. रुग्णालयात डेंग्यू समजून दोन दिवस गेले. कोणी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही की मी आफ्रिकेतून आलोय. जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी इकडून ओरडलेच, अगं मलेरिया बघायला सांग, घातक जातीचा असेल! तसाच निघाला. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. बिल विमानाच्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त झालं. माणूस वाचला म्हणून आज हे लिहू शकते. तुम्हाला कुठली गोळी चालेल ते डॉक्टर सांगतील, पण चार आठवडे म्हणाले तर चारच आठवडे. आणि परत आल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर दवाखान्यातलं पहिलं वाक्य "आम्ही घानाहून आलोय" हे असलं पाहिजे.

विमा बाबांच्या वयाचा आणि रक्तदाब लिहून घे, लपवू नकोस. तिकडच्या खासगी रुग्णालयात आधी पैसे भरा म्हणतात, विम्याचे नंतर मिळतात. त्यासाठी चारशे डॉलर वेगळ्या पाकिटात ठेव आणि ते हिशेबात धरूच नकोस.

रात्रीचा रस्ता. आक्रा ते कुमासी अडीचशे किलोमीटर, कागदावर चार तास. न्सवामपर्यंतच गर्दीत कधी दीड तास जातो, पुढे सुहुम, न्कावकाव, कोनोंगो करत सहा तास होतात. पहाटेची बस घे. दीड-दोनशे सेडीत चांगली एसी बस मिळते. संध्याकाळची बस घेऊन एका रात्रीचं हॉटेल वाचवायचा मोह होतो, तो नको. अंधारात बिनदिव्याचे ट्रक उभे असतात त्या रस्त्यावर.

कुडाळची_लेक

काकू, काय म्हणू. कागदावर लिहून बाबांना वाचून दाखवलं. दिरांचं ऐकून आई म्हणाली, गोळ्यांचा डबा मीच भरून देणार, दिवस लिहून.

दीड लाखाचे आठच्या दरानं १८,७५० सेडी होतात. त्यातून तुमचे १७,३०० गेले की उरतात १,४५०, म्हणजे साडेअकरा हजार रुपये. तुम्ही म्हणता तसे चारशे डॉलर बाजूला काढायचे तर छत्तीस हजार पाहिजेत. कुठून काढू? गाडी कमी करू की केप कोस्ट गाळू?

आणि जेवण. मी काहीही खाते, पण बाबांना तीनशे पासष्ट दिवस भात-आमटी लागते. सोमवार सोडून मासे. पाडवा १९ला तिकडेच होणार, त्या दिवशी तरी त्यांना काहीतरी आपलं मिळावं असं वाटतं.

टेमा_ते_सांगली

जेवणाची काळजी करू नकोस. भात सगळीकडे आहे. 'वाचे' म्हणून मिळतं, तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेली, ज्वारीच्या जातीची पानं घालून तांबूस केलेली. चवीला आपल्या घरचीच वाटते.

ते घ्यायची पद्धत सांगते, कारण पैशाची खरी गंमत तिथे आहे. टेमात आमच्या कोपऱ्यावर एक बाई सकाळी सहाला मोठं पातेलं घेऊन बसायची. पुढे झाकणं लावलेले डबे. तिला "एक प्लेट" म्हटलं तर ती नुसती बघत राहायची. तिथे पैशानं मागायचं. दहाचा वाचे. दोनची गारी, ती कसाव्याची भरड. पाचचं अंडं. तीनची शेवया. ती रुंद हिरवं पान हातावर घ्यायची, त्यावर वाचे, मग एकेक डबा उघडत जायची आणि प्रत्येक वेळी मान वर करून बघायची, आणखी? तू थांब म्हणशील तिथे तुझं बिल थांबलं. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवत गेले आणि पन्नास सेडीचं पान घेऊन घरी आले. आठवड्यानं मलाही "पाचची" म्हणता यायला लागलं. दुपारच्या साध्या खानावळीला चॉप बार म्हणतात, तिथेही असंच, मासा किती सेडींचा, सूप किती सेडींचं. म्हणून माणशी दीडशेत तीन वेळा नीट भागतं. एसी हॉटेलात एकाच जेवणाला तेवढे जातात.

पैसे उजव्या हातानं द्यायचे-घ्यायचे. डावा हात पुढे केला तर फार वाईट वाटतं त्यांना. बाबांना हे सांगावं लागणार नाही.

बाबांना कोंतोमिरे नक्की दे. अळूच्याच जातीची पानं, पामतेलातली भाजी, फतफत्याची आठवण येईल. त्यात बहुतेक सुका मासा असतो, तेव्हा सोमवारी विचारून घे. मंगळवारपासून भाजलेला तिलापिया आणि बांकू. बांकू म्हणजे मका आणि कसावा आंबवून घोटलेला गोळा, पहिल्या घासाला आंबट लागतो, मग आवडतो. सकाळी रस्त्यावर 'कोसे' मिळतात, चवळी वाटून तळलेली भजी, गरम गरम पेजेबरोबर. 'शितो' या काळ्या चटणीत मासे आणि सुकट असतं. मालवणी माणसाला ती आवडणारच.

घरून कुळथाची पिठी, कोकमं, मेतकूट आणि लहानशी विजेची किटली घेऊन जा. प्लग तिकडे इंग्लंडसारखा, जाड चौकोनी तीन पायांचा, एक अॅडाप्टर लागेल. पाडव्याला गरम भातावर पिठी झाली तरी बाबांचं मन भरेल. गूळ-कडुनिंब जमलं तर बघ, कडुनिंबाची झाडं तिकडे पुष्कळ आहेत.

केप कोस्ट मात्र गाळू नकोस असं मला मनापासून वाटतं. तू गोव्याच्या शेजारची. पोर्तुगीज गोव्यात आले १५१०ला. त्याआधी अठ्ठावीस वर्षं, १४८२मध्ये, त्यांनी केप कोस्टच्या शेजारी एल्मिनाचा किल्ला बांधायला घेतला होता. बाहेरून बघशील तर आपल्या आग्वादची आठवण येईल, पांढऱ्या भिंती, खाली समुद्र, होड्या. आत गेल्यावर तळघरं. माणसं विकायला कोंडून ठेवायची जागा. बायकांच्या कोठडीत मी दोन मिनिटं उभी राहिले. त्या दगडी जमिनीला अजून एक वास आहे. आमच्या गटात अमेरिकेहून आलेल्या एक आजीबाई होत्या, त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि काढेचनात. वाटाडा काही न बोलता थांबला, आम्ही सगळेच थांबलो. सात वर्षांत मी घानात पुष्कळ बघितलं, पण पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच न्यायचे. फार तर ककूमच्या जंगलातला झाडांवरचा झुलता पूल सोड. चाळीस मीटर उंचीवर आहे, बाबांना चक्कर आली तर पंचाईत.

गाडीचं चंदगडकडचे कोणी असतील तर सांगतील. काजूवाले टेचिमानला जातात हे मला ठाऊक आहे, मी स्वतः तिकडे राहिले नाही.

चंदगड_काजू

उशिरा वाचलं. मी २०२४च्या मार्चमध्ये टेचिमानला नऊ दिवस होतो, याच कामासाठी.

ताई, चार दिवस गाडी नको. टेचिमान गावातच गोदामं आहेत, बाजाराच्या बाजूला, चालत किंवा टॅक्सीनं होतात. पहिले दोन दिवस तिथेच घाला. गाडी फक्त दोन दिवस करा: एक दिवस वेंची, ते तीस किलोमीटरवर आहे, आणि एक दिवस साम्पा. साम्पा आयव्हरी कोस्टच्या सीमेवर आहे, रस्ता लांबचा आणि धुळीचा, पहाटे निघून उजेडात परत या. दोन दिवसांचे २,४०० सेडी तिथेच वाचले. तुमच्या उरलेल्या १,४५०मध्ये मिळवा, ३,८५० झाले, म्हणजे तीस हजारांच्या वर. चारशे डॉलरला पाचएक हजार कमी पडतात, त्यातले बाराशे एका जास्तीच्या एसी रात्रीतून निघतील, बाकीचे दुसरीकडून काढावे लागतील. कुमासीला दोनऐवजी एकच रात्र ठेवा आणि ती टेचिमानच्या साध्या लॉजला द्या.

२० मार्चच्या आसपास ईद येते, चंद्रावर एक दिवस मागेपुढे. टेचिमानच्या बाजारात मुसलमान व्यापारी खूप आहेत, त्या दिवशी सुट्टी असते. गोदाम बघायचं काम तोपर्यंत उरकून घ्या आणि तो दिवस समुद्राकडच्या प्रवासाला ठेवा.

आता बी. वडिलांना सांगा, स्वतःचा कातर आणि ग्रॅमचा लहान वजनकाटा मोठ्या बॅगेत टाकून न्या, हातातल्या बॅगेत चालणार नाही. गोदामात गेल्यावर वरच्या पोत्यातली बी दाखवतात, ती चांगलीच असते. थप्पीच्या मधल्या आणि तळाच्या पोत्यांतून सुद्धा मूठमूठ काढायला सांगा. सगळी मिसळून एक किलो घ्या आणि तिथेच बसून कापा. चांगले गर वेगळे, डागी वेगळे, डागीचं वजन निम्मं धरायचं. एका किलोत २७२ ग्रॅम भरले तर ती ४८ची बी, म्हणजे ८० किलोच्या पोत्यात ४८ पौंड गर. तिकडे सगळं याच आकड्यात बोलतात. मी कापायला बसलो तेव्हा चिकानं बोटं काळी झाली. तिथल्या बाईनं न सांगता चुलीतली राख आणून हातावर ठेवली. आमच्या कारखान्यातल्या बायका हेच करतात. मला दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही.

बी हातात घेऊन खुळखुळवून बघा, ओली बी आवाज देत नाही. कोणी डांबरी रस्त्यावर वाळवतं, कोणी ताडपत्रीवर, कोणी पुरती न वाळवता पोत्यात भरतं. पुढे जहाजात तीच काळी पडते. तुमच्या त्या लॉटचं असंच झालं असणार.

पैशाचं शेवटचं. कोणी कितीही गोड बोललं तरी या फेरीत एक डॉलर आगाऊ द्यायचा नाही. परदेशी माणसानं शेतावर जाऊन थेट खरेदी करायची नसते, व्यवहार परवाना असलेल्या तिथल्या व्यापाऱ्यामार्फतच होतो. दरवर्षी हंगामाला सरकारची संस्था शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव जाहीर करते, तो आधी विचारून ठेवा म्हणजे कोण फेकतंय ते कळतं. नमुन्याची बी खिशातून इकडे आणू नका, तपासणीच्या कागदाशिवाय आपल्या विमानतळावर अडवतात. कापलेल्या बीचे फोटो, वजन आणि गोदामाचं नाव वहीत लिहा, तेच आणायचं. आणि व्हिसाच्या अर्जात धंद्याची भेट असेल तर तसंच लिहा, पर्यटन लिहून गोदामं फिरू नका. दिल्लीहून व्हिसा यायला वेळ लागतो, तातडीचा दर वेगळा पडतो. तुम्ही जानेवारीतच विचारताय ते बरं केलंत.

कुडाळची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या दादांचेही, सर्कलची खूण मी बाबांना शिकवलीय.

आजची बातमी: डॉक्टरांनी बाबांना तपासलं, जुने कागद बघितले आणि लस घ्यायला हरकत नाही असं लिहून दिलं. मुरगावला पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय. ती लस झाली, दोन-चार दिवस बाबांना काही त्रास नाही असं बघितलं, की तिकीट काढणार. गाडी दोन दिवस, कुमासी एक रात्र, केप कोस्ट तसंच ठेवलं. राखीव पैसे वेगळ्या पाकिटात आणि त्यावर आईनं "दवाखाना" असं लिहून ठेवलंय. डॉलर निघायच्या आठवड्यात घेऊ.

बाबांनी काल कारखान्यातला जुना कातर काढून धार लावली. वजनकाट्यात नवे सेल घातले आणि आपल्याच बीचा एक किलो कापून सराव केला. दोनदा.

काकू, आई विचारतेय, कुळथाची पिठी दोन किलो पुरेल ना?

टेमा_ते_सांगली

एक किलो खूप झाली गं. उरलेल्या जागेत कोकमं जास्त घाल. मार्चमध्ये टेचिमानला उकडतं फार, सोलकढीला नारळ तिकडे मिळेल.